रेंज दिसते, फोन लागत नाही

मोबाइलची नवी पिढी आली की दोन तट पडतात आणि दोन्हीकडून त्याच त्या तोफा डागल्या जातात. एका बाजूचं म्हणणं असं, की ५जी आलं म्हणजे खेडं आणि शहर हा फरकच मिटला. डॉक्टर पडद्यावर येईल, शाळा पडद्यावर भरेल, शेतातल्या मातीत किती ओल आहे हे फोनवर दिसेल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की हे सगळं नवे फोन खपवण्याचं नाटक आहे आणि खेड्यातल्या माणसाला एवढा वेग हवाय कशाला? पहिल्यांनी टॉवरपासून आठ-दहा किलोमीटरवर उभं राहून कधी फोन लावलेला नसतो. दुसऱ्यांनी खेड्यातल्या माणसाला काय हवंय हे कधी विचारलेलं नसतं. वाद रंगतो वेगावर, आणि ज्याला फोनच लागत नाही तो या वादात कुठेच नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नेटवर्कची परीक्षा त्याच्या सगळ्यात वाईट जागी घ्यायला हवी. चौकातल्या टॉवरखाली किती वेग मिळतो हे जाहिरातीला ठीक आहे. शेवटच्या टॉवरच्या पलीकडच्या वळणावर काय उरतं, हा सार्वजनिक प्रश्न आहे. खेड्यात राहणारा आणि प्रवासात असलेला, दोघेही त्या वळणावरच असतात. एक कायमचा, दुसरा तासाभरापुरता. नव्या तंत्राशी माझं भांडण नाही. जुनं बंद करताना त्याच्याबरोबर कोणती हमी निघून जाते, याचा हिशेब कुणी मांडत नाही, त्याच्याशी आहे.

एक नेहमीचं दृश्य घ्या. डोंगरातला रस्ता, संध्याकाळ, गाडी बंद पडलेली. माणूस खिशातून फोन काढतो. वर दोन दांड्या आहेत, शेजारी ‘५जी’ अशी ठसठशीत अक्षरं आहेत. नंबर लावला. कानात शांतता. पाच-सहा सेकंद काहीच नाही, मग ५जीचं ४जी झालं, ४जीच्या जागी ‘ई’, म्हणजे २जीची खूण, आलं, दांड्या तीन झाल्या (हो, वाढल्या!) आणि फोन कट. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी तो कडेच्या दगडावर चढतो आणि हात उंच करून, फोन आभाळाला दाखवत, नैवेद्य दाखवल्यासारखा उभा राहतो. ही पाळी माझ्यावर आलेली आहे, तुमच्यावरही आली असेल. त्या वेळी आपण कंपनीला शिव्या घालतो. त्याला हरकत नाही, पण त्या दांड्या आपल्याशी नेमकं काय खोटं बोलल्या तेही समजून घेतलं पाहिजे.

दांड्या सांगतात ते एवढंच, की टॉवरचा आवाज फोनला किती मोठ्यानं ऐकू येतोय. फोनचा आवाज टॉवरला पोचतोय का, हे त्या सांगतच नाहीत. शिवाय किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या याचं सगळ्या फोनना बांधील असं माप नाही. ज्याचं तो ठरवतो. अक्षरांचीही तीच कथा. जगातली बरीचशी ५जी नेटवर्कं ४जीच्या खांद्यावर बसलेली आहेत. फोन आधी ४जीला जोडला जातो आणि ५जीचा वेग त्यावर चढवला जातो. अशा ४जी टॉवरच्या आवाक्यात नुसतं आलं तरी अनेक फोनवर ५जी लिहून येतं, मग खरा ५जीचा सिग्नल तिथे पोचत असो वा नसो. म्हणजे पाटी दुकानाची, आणि आत माल आहे की नाही हे आत गेल्यावरच कळणार.

आता फोन आणि टॉवर यांच्यातला असमान व्यवहार पाहा. टॉवर खांबावर उंच बसलेला, तारेतून वीज घेणारा. कित्येक वॅटचा जोर लावून तो ओरडू शकतो. हातातला फोन साधारण ०.२ वॅटवर कुजबुजतो. बॅटरी आणि शरीराजवळच्या किरणोत्सर्जनाच्या मर्यादा, दोन्हींमुळे त्याला फार मोठ्यानं बोलता येत नाही. जुना २जी फोन ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (मेगाहर्ट्झ हे लहरीच्या कंपनांचं माप, आकडा वाढला की लहर आखूड) आपली पाळी आली की २ वॅटपर्यंत जोर लावू शकत असे. आठ जणांच्या रांगेतली एक पाळी, त्या क्षणापुरता, पण लावत असे. टॉवरचं ओरडणं आपल्याला ऐकू येतं म्हणून दांड्या दिसतात. आपली कुजबुज टॉवरपर्यंत जात नाही म्हणून फोन लागत नाही. खेड्यातली आणि घाटातली बहुतेक ‘रेंज आहे पण फोन लागत नाही’ ही तक्रार इथे उगम पावते, आणि वेगाच्या कुठल्याही जाहिरातीत या बाजूचा आकडा नसतो.

त्यात लहरींचा हिशेब. ५जीची ख्याती ज्या वेगावर उभी आहे तो मुख्यतः ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यातून येतो. ७०० मेगाहर्ट्झशी तुलना केली, तर मोकळ्या हवेत, त्याच अंतरावर, साध्या अँटेनाला मिळणारी ताकद पंचविसाव्या हिश्श्यावर येते. हवा या लहरी खाते असं नाही. लहर आखूड झाली की ती पकडणारी साधी अँटेनाही लहान होते आणि कमी पकडते. टेकडी, झाडी, भिंत आडवी आली की आखूड लहरीला वळसा घालणंही जड जातं. आणखी वर, २४ गिगाहर्ट्झच्या (म्हणजे २४,००० मेगाहर्ट्झच्या) पुढे, गेलं तर मग गोष्ट काहीशे मीटरवर येते. तिथे झाडाची पानंसुद्धा अडथळा ठरतात. आवाका निम्मा झाला की तेवढाच मुलूख व्यापायला चौपट टॉवर लागतात, तिसऱ्या हिश्श्यावर आला तर नऊपट. दाट वस्तीत हे परवडतं, किंबहुना तिथे लहान आवाकाच सोयीचा असतो, कारण तेच पट्टे जवळजवळच्या टॉवरवर पुन्हा पुन्हा वापरता येतात. विरळ वस्तीत नऊपट टॉवर कोण उभारणार?

इथे तंत्रज्ञ मंडळी हात वर करतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. ५जी म्हणजे काही एकच पट्टा नाही. ते खालच्या पट्ट्यांवरही चालतं. अमेरिकेत टी-मोबाइलनं डिसेंबर २०१९मध्ये ६०० मेगाहर्ट्झवर ५जी सुरू केलं आणि ते चांगलं लांबवर जातं. टॉवरवर डझनावारी छोट्या अँटेना लावून झोत एका फोनकडे वळवण्याची युक्तीही ५जीत आहे, त्यामुळे वरच्या पट्ट्यातलं बरंच नुकसान भरून निघतं. कबूल. पण खालच्या पट्ट्यात जागाच अरुंद. ३५०० मेगाहर्ट्झवर एका कंपनीला १०० मेगाहर्ट्झ रुंदीचा रस्ता मिळू शकतो, ७००वर १० मेगाहर्ट्झची पायवाट. वेग रुंदीच्या प्रमाणात. म्हणजे लांब पोचणारं ५जी हे वेगात चांगल्या ४जीचं सख्खं भावंड असतं. त्यात वाईट काही नाही, उलट खेड्याला तेच हवंय! फक्त मग जाहिरात एका ५जीची आणि हातात दुसरं, हा हातचलाखीचा भाग बंद करा. आणि झोत वळवण्याच्या युक्तीनं टॉवरचं ओरडणं नेमकं होतं, त्याचे कानही काहीसे तीक्ष्ण होतात. फोनची कुजबुज मात्र ०.२ वॅटचीच राहते.

मुळात आराखडा कुणाला डोळ्यासमोर ठेवून काढला हे पाहायचं असेल तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं, म्हणजे आयटीयूनं, ५जीसाठी ठरवलेली उद्दिष्टं वाचावीत. सर्वोच्च वेग सेकंदाला २० गिगाबिट. निवडक कामांसाठी विलंब एक मिलिसेकंद. एका चौरस किलोमीटरात दहा लाख उपकरणं. दहा लाख! ज्या मुलखात एका चौरस किलोमीटरात माणसं दहा आणि झाडं दहा हजार, तिथल्या माणसाला या आकड्याचं काय करायचं? त्याच यादीत ग्रामीण भागासाठी एक कसोटी घुसवण्याचं श्रेय भारतातल्या टीएसडीएसआय या मानक-संस्थेला जातं. टॉवर एकमेकांपासून सहा किलोमीटर लांब, माणसं सावकाश फिरणारी, अशी ती कसोटी. तिच्यासाठी त्यांनी ५जीआय नावाचं रूप मांडलं, आणि त्यातली मुख्य कल्पना अशी होती की फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरीचा आकार थोडा बदलला तर तोच फोन जास्त जोर लावू शकतो. कुजबुजीवरचा इलाज! २०२०मध्ये आयटीयूनं ते मान्य केलं, पुढे जागतिक ५जीच्या सतराव्या आवृत्तीत ते मिसळून घेण्यात आलं. मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं, कारण ती दाखवते की मर्यादा केवळ निसर्गाची नव्हती. कुणीतरी लांबच्या माणसाचा विचार केला तर तंत्रातही जागा निघते. तो विचार मागाहून, भांडून, करून घ्यावा लागला एवढंच.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. जुनी नेटवर्कं कायम चालू ठेवता येत नाहीत. लहरींचे पट्टे मर्यादित आहेत. २जी-३जीनं अडवलेली जागा मोकळी केली तर तिथे नवं तंत्र जास्त काम करतं. जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळेनासे होतात, वीज जास्त लागते. शिवाय २जीत सुरक्षेचं एक भोक जन्मजात आहे: टॉवर फोनची ओळख तपासतो, फोन टॉवरची तपासत नाही, म्हणून खोटा टॉवर उभा करून लोकांना फसवे संदेश पाठवता येतात. ही तिन्ही कारणं खरी आहेत आणि ‘जुनं ते सोनं’ एवढं म्हणून ती उडवून लावता येणार नाहीत. पण या तिन्हींतून सिद्ध काय होतं? जुनं बंद करायला हवं, एवढंच. कधी आणि कोणत्या अटीवर, हे त्यातून निघत नाही. आणि सगळी मेख अटीतच आहे.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला यासाठी फार उपयोगी वाटतं, कारण तिथे हेच नाटक तीनदा झालं. अफाट मुलूख, विरळ वस्ती. पहिला प्रयोग २०००च्या सुमाराचा. तिथलं जुनं अॅनालॉग नेटवर्क बंद करून जीएसएम, म्हणजे २जी, आणायचं होतं. पण जीएसएमच्या रचनेतच एक कुंपण आहे. फोनच्या पाळ्या मोजून वाटलेल्या असल्यामुळे, लांबच्या फोनचा आवाज उशिरा पोचून दुसऱ्याच्या पाळीत घुसू नये म्हणून वेळ सावरून घ्यावी लागते आणि ती सावरायला ६३ पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी सुमारे साडेपाचशे मीटरची. हिशेब करा, ३५ किलोमीटर. त्यापलीकडे टॉवर कितीही उंच असो, सिग्नल कितीही खणखणीत येवो, साधा जीएसएम फोन लागत नाही. जुन्या अॅनालॉगला हे कुंपण नव्हतं. ग्रामीण भागातून ओरड झाली आणि तिथे अॅनालॉगच्या जागी सीडीएमए हे वेगळं नेटवर्क उभारलं गेलं. दुसरा प्रयोग त्याच सीडीएमएचा. टेल्स्ट्रा कंपनी ते बंद करून ३जी आणणार होती, तारीख ठरली होती जानेवारी २००८. पण परवान्यात अट होती: नव्याचा आवाका जुन्याइतका किंवा त्याहून चांगला हवा. मंत्र्यांचं समाधान झालं नाही, आणि नेटवर्क तीन महिने जास्त चाललं. एप्रिलअखेर बंद झालं. तीन महिने ही काही मोठी गोष्ट नाही. पण जुन्याचं बटण दाबण्याआधी कुणाला तरी सिद्ध करून दाखवावं लागलं, ही मोठी गोष्ट आहे.

तिसरा प्रयोग अगदी अलीकडचा, ३जी बंद करण्याचा. मूळ तारखा पुढे ढकलत ढकलत २८ ऑक्टोबर २०२४ला टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांचं ३जी थांबायला लागलं. का ढकलल्या? कारण मध्येच लक्षात आलं की कितीतरी फोन असे आहेत, जे रोजचे फोन ४जीवरून व्यवस्थित करतात, पण आणीबाणीचा ००० नंबर लावला की मुकाट्यानं ३जीकडे वळतात. मालकाला याचा पत्ताच नाही. त्याच्या लेखी फोन ठणठणीत. नेमका घर पेटल्यावर त्याला कळणार होतं की तो ठणठणीत नव्हता. शेवटी नियम करावा लागला, की ज्या फोनवरून ००० लागू शकत नाही त्याला नेटवर्कवर घेऊच नये. चालू फोन एका दिवसात विटेसारखे निकामी झाले, आणि यात बाहेरून आणलेले फोन आणि परदेशी प्रवासी यांना विशेष फटका. तीनदा नेटवर्क बदललं, तीनदा गाडं त्याच जागी अडलं: शेवटचा माणूस आणि त्याच्या हातातला फोन. टॉवर बदलणं कंपनीच्या हातात असतं. लाखो खिशांतले फोन बदलणं कुणाच्याच हातात नसतं.

प्रवाशाची गोष्ट इथून सुरू होते आणि ती अजून विचित्र आहे. २जी-३जीच्या काळात परदेशात उतरलं की फोन स्थानिक नेटवर्क शोधायचा, बोलणं स्थानिक यंत्रणाच हाताळायची, आणि पद्धत जगभर जवळपास एकच असल्यामुळे विशेष काही न करता फोन लागायचा. ४जीवर बोलणं म्हणजे इंटरनेटवरून जाणारा आवाज. त्यासाठी घरच्या कंपनीचा आणि पाहुण्या देशातल्या कंपनीचा वेगळा करार हवा, फोनच्या आत त्या नेटवर्कसाठी योग्य जुळणी हवी, फोनमध्ये तिथले पट्टे हवेत. ४जीचे पट्टे डझनांनी आहेत आणि प्रत्येक फोनमध्ये प्रत्येक पट्टा नसतो. तिन्हींपैकी एक नसलं की फोनवर इंटरनेट झकास चालतं, व्हिडिओ दिसतो, आणि साधा फोन लागत नाही. जुन्या पिढीत पडायला खालची पायरी होती. ४जी जमलं नाही तर ३जी, तेही नाही तर २जी. ती पायरी काढून घेतली की पाय थेट हवेत. युरोपात २०१८पासून नव्या मोटारींच्या नमुन्यांना ईकॉल सक्तीचं झालं: अपघात झाला की गाडी स्वतः ११२ला फोन लावते. चांगली कल्पना. पण त्या वर्षांतल्या गाड्यांतला तो फोन २जी-३जीवरून जातो, आणि गाडी पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर राहते.

आणि ज्या ‘एक मिलिसेकंदा’चा एवढा डंका आहे, त्याचं प्रवासात काय होतं? रोमिंगवर असलेल्या माणसाचा डेटा बहुतेक वेळा आधी त्याच्या घरच्या देशातल्या कंपनीकडे जातो आणि तिथून पुढे. दहा हजार किलोमीटरवर असाल तर काचेच्या तारेतल्या प्रकाशालाही जाऊन यायला १०० मिलिसेकंद लागतात, वाटेतली यंत्रं सोडून. समोरच्या इमारतीतल्या दुकानाचा पत्ता शोधायचा आणि प्रश्न अर्धी पृथ्वी ओलांडून जायचा! रेल्वेत तर आणखी मजा. अनेक नव्या डब्यांत उन्हापासून बचाव म्हणून खिडकीच्या काचेवर धातूचा पातळ लेप असतो. तो सिग्नलची ताकद शंभराव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली आणू शकतो. बाहेर टॉवर, आत डबा म्हणजे पत्र्याचा डबाच. आणि टॉवर बदलण्याची वेळ आली की अख्ख्या गाडीतले शेकडो फोन एकाच क्षणी दार ठोठावतात.

‘९९ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचलो’ हे वाक्य आपण किती निमूटपणे गिळतो! लोकसंख्या म्हणजे लोक जिथे झोपतात तिथली मोजणी. माणूस शेतात असतो, रानात असतो, रस्त्यावर असतो, बोटीत असतो, आणि त्याला फोनची गरज पडते ती बहुधा अशाच जागी. ब्रिटननं मार्च २०२०मध्ये ग्रामीण नेटवर्कची जी संयुक्त योजना कंपन्यांबरोबर ठरवली, तिचं उद्दिष्ट भूभागात मांडलं: देशाच्या ९५ टक्के जमिनीवर किमान एका कंपनीचं ४जी. हे माप प्रामाणिक आहे, तरी त्यातले ‘किमान एका’ हे दोन शब्द नीट वाचावेत. ज्या गावात एकाच कंपनीची रेंज आहे तिथे बाकीच्या कंपन्यांची सिमं म्हणजे प्लॅस्टिकचे तुकडे. गंमत अशी, की परदेशी सिम घेऊन आलेला पर्यटक मिळेल त्या नेटवर्कवर जातो आणि त्याला त्याच टेकडीवर रेंज मिळते. टेकडीवर जन्म काढलेल्याला मिळत नाही! देशातल्या देशात रोमिंग सक्तीचं करावं असा प्रस्ताव ब्रिटिश सरकारनं २०१४मध्ये पुढे केला होता. कंपन्यांनी विरोध केला, आणि त्याऐवजी आवाका वाढवण्याचं आश्वासन घेऊन प्रकरण मिटलं. कंपन्यांचा युक्तिवाद असा, की दुसऱ्याच्या टॉवरवर फुकट बसता आलं तर टॉवर उभारणार कोण? हा युक्तिवाद स्पर्धा असलेल्या जागी पटतो. जिथे दुसरा टॉवर उभा राहणारच नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे तो कशाचं रक्षण करतो?

टॉवरच्या मागचं तर कुणी बोलतच नाही. टॉवर ही नुसती तोटी. पाणी मागून यावं लागतं. शहरात मागे काचेची तार असते. लांबच्या टॉवरमागे बहुतेकदा दुसऱ्या डोंगरावरून येणारा सूक्ष्मलहरींचा दुवा असतो, किंवा उपग्रह. पुढे ५जी लावा नाहीतर १०जी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? विजेचंही तसंच. जुन्या तारेच्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेनं यायची, म्हणून घरात अंधार असला तरी फोन जिवंत असायचा. टॉवरची बॅटरी काही तास टिकते. वादळ त्याहून जास्त वेळ टिकतं.

या सगळ्यावर हल्ली एकच उत्तर फेकलं जातं: उपग्रह. टॉवर विसरा, आता फोन थेट आभाळाशी बोलणार. मी याची थट्टा करणार नाही. नोव्हेंबर २०२२पासून अॅपलच्या फोनवरून, जिथे काहीच नाही तिथूनही, उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवता येऊ लागला. अडकलेल्या माणसासाठी तो एक संदेश म्हणजे सगळं काही. स्टारलिंकचे उपग्रह साध्या फोनशी बोलू लागले आहेत. पण कुजबुजीचा नियम इथेही सुटत नाही. त्याच ०.२ वॅटच्या आवाजानं आता शेकडो किलोमीटर वर पोचायचं आहे. म्हणून डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. दाट झाडीत, अरुंद दरीत, घराच्या आत ते अडतं. उपग्रहाच्या एका झोताखाली प्रचंड मुलूख येतो आणि त्या सगळ्यांना मिळून जी रुंदी मिळते ती एखाद्या टॉवरच्या तुलनेत किरकोळ. म्हणून सुरुवात संदेशांपासून झाली. शिवाय ही पहिली वेळ नाही. १ नोव्हेंबर १९९८ला इरिडियमनं ६६ उपग्रहांचं जाळं घेऊन जगात कुठूनही फोन करण्याची सेवा सुरू केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज दिला. तंत्र चालत होतं. पैसे देऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकांना तोवर शहरात आणि हमरस्त्यावर जीएसएम मिळालं होतं, आणि ज्यांना खरी गरज होती त्यांना ते परवडत नव्हतं. नवे मालक आले, उपग्रह वाचले, आजही ते जाळं जहाजांना आणि गिर्यारोहकांना उपयोगी पडतं. उपग्रह शेवटचा आधार म्हणून उत्तम आहे. ‘उपग्रह आहे ना, मग टॉवर कशाला’ असं म्हणून त्याचा बहाणा केला जातो, तिथे माझी हरकत आहे.

राहता राहिला परवडण्याचा मुद्दा. दहा गिऱ्हाइकांसाठी टॉवर कोण बांधील? धंद्याच्या हिशेबात हे बरोबरच आहे. पण हाच हिशेब वीज कंपन्या अमेरिकेत १९३०च्या दशकात मांडत होत्या. तेव्हा तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकाकडे वीज होती, आणि कंपन्या सांगत होत्या की शेतकऱ्याला ती परवडणार नाही, परवडली तरी तो फारशी वापरणार नाही. १९३५मध्ये सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणाची संस्था काढली, स्वस्त कर्जं दिली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून स्वतःच तारा ओढल्या. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, टेलिफोन कंपन्या येईनात म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी कुंपणाच्या काटेरी तारांवरून टेलिफोन चालवले होते. पाऊस आला की आवाज जायचा, गुरांनी कुंपण तोडलं की लाइन बंद, पण चालवले. खेड्यातल्या माणसाला काही नको असतं, हे विधान त्या काटेरी तारेइतकं दुसऱ्या कशानं खोटं पाडलेलं नाही.

५जीनं खेड्यात काहीच होत नाही असंही नाही. जिथे तार पोचत नाही तिथे छपरावर अँटेना लावून ५जीवरून घरभर इंटरनेट देता येतं. छपरावरची अँटेना स्थिर असते, टॉवरकडे तोंड करून असते, आणि म्हणून हातातल्या फोनपेक्षा तिला कितीतरी बरं ऐकू येतं. वेगाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पण आयटीयूच्याच २०२४च्या आकड्यांनुसार ५जी उच्च उत्पन्नाच्या देशांत ८४ टक्के लोकांपर्यंत आणि सगळ्यात गरीब देशांत ४ टक्क्यांपर्यंत पोचलं होतं. म्हणजे पुढची बरीच वर्षं जगाच्या मोठ्या भागात प्रश्न असा असणार आहे, की नवं अजून आलेलं नाही आणि जुनं निघण्याच्या तयारीत आहे. अशा वेळी मागायचं काय, तर तो ऑस्ट्रेलियातला २००८चा साधा नियम: नव्यानं जुन्याइतका मुलूख, जुन्याइतक्या फोनसकट, सांभाळून दाखवल्याशिवाय जुन्याचं बटण दाबायचं नाही. नकाशा लोकसंख्येचा नको, जमिनीचा द्या. आणि त्यावर टॉवर कुठवर ऐकू येतो एवढंच रंगवू नका. हातातल्या फोनवरून केलेला फोन कुठून लागतो ते रंगवा. जिथे एकच टॉवर आहे तिथे तो सगळ्यांचा असू द्या.

यातलं काहीही अशक्य कोटीतलं नाही, पण ते आराखड्यातच लिहावं लागतं. मागाहून चिकटवता येत नाही. आणि पुढचा आराखडा तयार होतो आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये आयटीयूनं ६जीची चौकट मान्य केली. तिच्यात सर्वोच्च वेगासाठी सेकंदाला ५० ते २०० गिगाबिटचे आकडे आहेत, उपकरणांची दाटी चौरस किलोमीटरला दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत नेण्याची भाषा आहे, जागा ओळखण्याची अचूकता सेंटिमीटरमध्ये सांगितली आहे. आवाका हा शब्दही या वेळी क्षमतांच्या यादीत आला आहे, त्याची व्याख्याही दिली आहे: एका टॉवरपासून त्याच्या हद्दीच्या कडेपर्यंतचं अंतर. त्या व्याख्येपुढे आकडा मात्र लिहिलेला नाही.